नावानिशी सलाम

मराठी मुलखात एका माणसाने दुसऱ्याला भेटताच कोणता शब्द उच्चारावा हे पेशवाईत आणि तिच्यानंतरही बराच काळ जातीने ठरवून दिलेले होते, आणि त्या शब्दावरून बोलणाऱ्याची व ऐकणाऱ्याची पायरी तिऱ्हाइतालाही दुरूनच कळत असे. ब्राह्मणांनी परस्परांना नमस्कार करावा, कुणब्याने रामराम घालावा, महाराने जोहार म्हणावा आणि मांगाने फर्मान, असा हा रिवाज होता, आणि त्यामागे सत्तेचे पाठबळ होते याचा लेखी पुरावा १७७९ सालचा आहे. त्या वर्षी पुणे दरबाराच्या आग्रहावरून ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारने सोनार जातीच्या लोकांना ‘नमस्कार’ हा अभिवादनाचा प्रकार वापरण्यास मनाई केली, पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लेखनात हा प्रसंग नोंदवून अभिवादनाचा हक्क हाही जातीच्या मालकीचा होता हे दाखवून दिले. लेखी व्यवहारातही हीच शिस्त होती. पत्राच्या आरंभी लिहावयाच्या संबोधनाला व अभिवादनाला मायना म्हणतात. वडीलधाऱ्यांस ‘तीर्थरूप’ लिहून साष्टांग नमस्कार, धाकट्यांस ‘चिरंजीव’ लिहून आशीर्वाद, सरदारास एक तऱ्हा आणि पाटलास दुसरी, असे मायने कारकुनास मुखोद्गत असावे लागत. जोहार मात्र लिहिण्याचा शब्द क्वचितच होता, कारण ज्याने तो म्हणावयाचा त्याला लिहिता येणार नाही अशी व्यवस्थाच होती. तो दुरून, वाकून आणि उत्तराची अपेक्षा न ठेवता म्हणावयाचा शब्द होता.

नांदेड आणि लातूर हे मराठवाड्यातील आजचे दोन जिल्हे ज्या प्रदेशात आहेत तेथे अभिवादनाचे प्रकार इतर मराठी मुलखापेक्षाही अधिक होते. हा सारा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे आणि शेजारच्या इंग्रजी मुलखातील लोक त्याला मोगलाई म्हणत. लातूर, औसा, उदगीर, अहमदपूर या पट्ट्यातील लिंगायत समाजात ‘शरणार्थ’ म्हणण्याची रीत होती, माहूरच्या बाजूस महानुभावांचा ‘दंडवत प्रणाम’ होता, वारकऱ्यांचे ‘रामकृष्ण हरी’ होते, ज्या नांदेडात १७०८ साली गुरू गोविंदसिंगांचे निर्वाण झाले तेथे शिखांचे ‘सत् श्री अकाल’ होते, आणि कचेरीत, बाजारात व मशिदीच्या दारात ‘सलाम’ व ‘आदाब’ होते. यांपैकी पंथांची अभिवादने पंथापुरती समानतेची होती हे येथे आवर्जून नोंदवले पाहिजे: वारकरी वारकऱ्याच्या पायाला हात लावताना त्याची जात विचारीत नाही, आणि लिंगायत शरणांच्या परंपरेने तर बाराव्या शतकातच एका शब्दाखाली सर्वांना आणण्याचा यत्न केला होता. परंतु दिंडी संपून गावात पाऊल ठेवले की वेशीतला महार पुन्हा जोहारच म्हणे. पंथाचे अभिवादन आणि गावगाड्याचे अभिवादन यांतील ही फारकत लक्षात घेतल्याशिवाय या भागातील ख्रिस्ती मंडळ्यांनी ‘सलाम’ या शब्दाला इतके महत्त्व का दिले याचा उलगडा होत नाही. येथे मंडळी म्हणजे एका ठिकाणच्या ख्रिस्ती उपासकांचा समुदाय; मराठी ख्रिस्ती भाषेत हा शब्द याच अर्थी रूढ आहे.

या मंडळ्यांपुढे जो आदर्श होता तो पहिल्या शतकातील होता. इसवी सन ५७ च्या सुमारास प्रेषित पौलाने करिंथ येथून रोममधील ख्रिस्ती लोकांना पत्र लिहिले, आणि किंख्रिया या बंदराच्या गावातील मंडळीची सेविका फिबी हिने ते रोमला नेले असावे असे अभ्यासक मानतात, कारण शेवटच्या, सोळाव्या अध्यायाच्या आरंभीच पौल तिची शिफारस करतो. तो अध्याय बहुतांशी नमस्कारांचा आहे. वरवर वाचणाऱ्याला ती नुसती नामावळी वाटते आणि उपासनेत तिचे वाचनही क्वचितच होते, तथापि पहिल्या ख्रिस्ती लोकांचे सामाजिक जीवन समजून घेण्यासाठी इतका मोलाचा दुसरा मजकूर फारसा नाही. पौल चोवीस व्यक्तींना नावाने अभिवादन पाठवतो आणि दोघींचा, म्हणजे रूफाच्या आईचा व नीरियाच्या बहिणीचा, नात्याने उल्लेख करतो. या सव्वीस जणांत नऊ स्त्रिया आहेत. प्रिस्क आणि अक्विला या तंबू करणाऱ्या जोडप्यात पत्नीचे नाव आधी येते. मरिया, त्रुफैना, त्रुफोसा आणि पर्सिस यांची ओळख त्यांच्या श्रमांवरून करून दिली जाते. अंद्रोनिक व युनिया यांनी पौलाबरोबर तुरुंगवास भोगलेला आहे. अंप्लियात, हर्मेस, पर्सिस ही नावे त्या काळच्या रोममध्ये गुलामांत आणि दास्यमुक्त झालेल्यांत विशेष आढळत, आणि अरिस्तबूल व नार्किस्स यांच्या घरच्या माणसांना जो नमस्कार जातो तो बहुधा त्या मालकांच्या गुलामांना किंवा दास्यमुक्त आश्रितांना आहे, मालकांना नव्हे. पौल सांगेल तसे पत्र लिहून घेणारा तर्तियस हाही मध्येच स्वतःचा नमस्कार घालतो, आणि त्याच्या पाठोपाठ करिंथ नगराचा खजिनदार एरास्त आणि केवळ ‘भाऊ’ म्हणून उल्लेखलेला क्वर्त हे दोघे एकाच ओळीत येतात. लेखनिक, खजिनदार आणि ज्याला कसलाच हुद्दा नाही असा माणूस, या तिघांसाठी अभिवादनाचे क्रियापद एकच आहे.

या नमस्कारांना देहाचीही जोड होती. पौलाच्या चार पत्रांत एकमेकांना पवित्र चुंबनाने भेटण्याची सूचना आहे आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात त्यालाच प्रीतीचे चुंबन म्हटले आहे. रोमन समाजात गालावरचे किंवा ओठांवरचे चुंबन हे नातलगांचे व बरोबरीच्यांचे अभिवादन होते. खालच्याने वरच्याच्या हाताचे किंवा वस्त्राच्या काठाचे चुंबन घ्यावे अशी रीत होती. म्हणूनच गुलाम आणि मालक, यहुदी आणि ग्रीक यांनी एका खोलीत नातलगांप्रमाणे भेटणे हे बाहेरच्यांच्या दृष्टीने धक्कादायक ठरले. इसवी सन १५० च्या सुमारास जस्टिन या लेखकाने ख्रिस्ती उपासनेचे जे वर्णन रोमन सम्राटाला उद्देशून केले, त्यात प्रार्थना संपल्यावर आणि भाकर व द्राक्षारस आणण्यापूर्वी लोक परस्परांना चुंबन देतात असे स्पष्ट म्हटले आहे. त्यानंतरच्या पिढ्यांत या मोकळेपणावर नियम बसत गेले. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने मंडळ्यांत चुंबनांचा नुसता गजर चालतो आणि प्रीती मात्र दिसत नाही अशी तक्रार केली. हिप्पोलितसच्या नावे चालत आलेल्या ‘प्रेषितीय परंपरा’ या ग्रंथाने पुरुषांनी पुरुषांना व स्त्रियांनी स्त्रियांनाच भेटावे आणि ज्यांचा बाप्तिस्मा अद्याप व्हावयाचा आहे त्यांनी या अभिवादनात भाग घेऊ नये असे ठरवले. चौथ्या शतकापर्यंत पाळकवर्गाने बिशपाला आणि सामान्य पुरुषांनी सामान्य पुरुषांना भेटावे अशी रांगही लागली. जे अभिवादन पायऱ्या मोडण्यासाठी सुरू झाले त्यातच तीनशे वर्षांत पायऱ्या आल्या, ही या इतिहासातील दुखरी बाजू आहे, आणि मराठवाड्याच्या बाबतीतही ती विसरता येत नाही.

मराठवाड्यात ख्रिस्ती धर्म तीन वाटांनी आला. पश्चिमेकडून तो अमेरिकन मराठी मिशनच्या अहमदनगर व सोलापूर या ठाण्यांवरून मोगलाईच्या सीमेवरील गावांत पोहोचला. या मिशनने मुंबईत १८१३ साली आणि अहमदनगरात १८३१ साली कामास आरंभ केला होता. दक्षिणेकडून तो बीदर येथील अमेरिकन मेथडिस्ट मिशनकडून आला, आणि उदगीर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच असल्याने त्या भागाचा ओढा तिकडे असणे स्वाभाविक होते. वायव्येकडून तो जालन्याहून आला, जेथे स्कॉटिश फ्री चर्चचे नारायण शेषाद्री काम करीत होते. शेषाद्री हे ब्राह्मण घराण्यातील. १८४३ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत उभारली. तेथे येऊन राहिलेल्यांत मांग व महार कुटुंबे मोठ्या संख्येने होती. गावगाड्याच्या हिशेबाने ज्यांना परस्परांशी अभिवादनाची देवाणघेवाण करणे अशक्य होते, कारण एकाने फर्मान म्हणावयाचे आणि दुसऱ्याने ते मान हलवून स्वीकारावयाचे एवढीच मुभा होती, ती माणसे बेथेलच्या मंदिरात एका चटईवर आली आणि तेथे पुढे कोणता शब्द चालावा हा प्रश्न खऱ्याखुऱ्या निकडीने उभा राहिला.

‘सलाम’ हे त्याचे उत्तर सर्वत्र सारख्याच कारणाने आले असे नाही. नमस्कारावर ब्राह्मणी मोहोर होती, रामराममध्ये देवाचे नाव होते आणि जोहारात अपमान होता. सलाम हा शब्द मात्र मराठीत शतकानुशतके मुरलेला, दरबारी पत्रांत वापरला गेलेला आणि कोणत्याही एका हिंदू जातीच्या मालकीचा नसलेला होता. निजामी मुलखात तो रोजच्या व्यवहारातलाच होता. पुढे प्रचलित झालेल्या मराठी बायबलात पौलाचे सारे नमस्कार याच शब्दाने उतरले, त्यामुळे प्रिस्क व अक्विला यांना, पर्सिसला आणि रूफाच्या आईला जो शब्द जातो तोच मराठवाड्यातील खेड्यातल्या पाळकाला, मास्तराला आणि रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला मिळू लागला. मास्तर म्हणजे मिशनने खेड्यात नेमलेला शिक्षक. तोच आठवडाभर शाळा चालवी आणि रविवारी उपासना घेई. या योगायोगाचा परिणाम फार खोल झाला असे मानावे लागते, कारण धर्मग्रंथातला शब्द आणि ओट्यावरचा शब्द एकच असला की ग्रंथ परका राहत नाही.

याहून मोठा बदल अभिवादनाला जोडून येणाऱ्या नावात झाला. गावात महारामांगाच्या माणसाला पुरे नाव क्वचित मिळे. धोंडिबा हा धोंड्या होई, महादू हा म्हाद्या होई, आणि सत्तरीच्या म्हाताऱ्यालाही पाटलाचे पोर अरे-तुरे करी. बाप्तिस्म्याच्या वेळी काहींनी शमुवेल, याकोब, दावीद, रूथ, मार्था अशी बायबलातील नावे घेतली, पुष्कळांनी जुनी नावेच ठेवली, पण मंडळीच्या वहीत ती नावे पूर्ण लिहिली गेली आणि मंडळीत ती ‘राव’, ‘बाई’, ‘बंधू’, ‘भगिनी’ अशी आदराची जोड देऊन घेतली जाऊ लागली. योहानाच्या तिसऱ्या पत्राच्या शेवटी मित्रांना नावे घेऊन नमस्कार सांगण्याची सूचना आहे. पहिल्या शतकात ती कशासाठी दिली गेली असावी हे या वह्या पाहणाऱ्याला निराळे समजावून सांगावे लागत नाही. बायबलबाई या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्त्रिया घरोघर जाऊन वाचन शिकवीत व शास्त्र सांगत, आणि चारचौघांत स्त्रीला अभिवादन करण्याची चाल नसलेल्या गावांत त्यांना ‘बाई, सलाम’ असे नावापदासह म्हणणे हीही एक नवी गोष्ट होती.

पत्रांमधून हे अभिवादन दूरवर गेले. साक्षरता ही या मंडळ्यांची पहिली कमाई होती आणि तिचा उपयोग सर्वप्रथम पत्रासाठी झाला. मराठी ख्रिस्ती पत्राचा मायना ‘ख्रिस्तात प्रिय बंधू’ असा सुरू होतो, त्यानंतर प्रभू येशूच्या नावाने सलाम येतो, आणि मजकूर संपल्यावर घरातील व मंडळीतील माणसांची नावे घेऊन एकेकाला सलाम सांगण्याची विनंती येते. जुन्या मायन्यात अभिवादनाचा शब्द वाचणाऱ्याच्या दर्जाप्रमाणे बदलत असे; येथे तो कुणासाठीच बदलत नाही, आणि पत्र मोठ्याने वाचले जात असल्यामुळे ज्याला अक्षर येत नाही त्यालाही आपले नाव परगावच्या माणसाने लिहिलेले ऐकू येते. ज्यांच्या घराण्यात आधीच्या पिढीपर्यंत कुणाच्या नावाने पत्र आलेले नव्हते त्यांच्यासाठी ही घटना किती मोठी असेल याची कल्पना आज पुस्तकांत वाढलेल्या वाचकाला सहज येणार नाही.

तरीही या समानतेला मर्यादा होत्या आणि त्या स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. मिशनरी साहेबाला कपाळाला हात लावून, किंचित वाकून केलेला सलाम आणि कलेक्टराच्या शिपायाने साहेबाला केलेला सलाम यांच्या रूपात फरक नव्हता. त्यामुळे मंडळीतल्या मंडळीत जो शब्द बरोबरीचा होता तोच बंगल्याच्या पायरीवर पुन्हा खालून वर जाणारा होई. मूळ जातींच्या भिंतीही एका शब्दाने पडल्या नाहीत. पुष्कळ ठिकाणी लग्नसंबंध पूर्वीच्याच जातीत होत राहिले. उच्चवर्णीय घरांतून आलेल्यांना तर स्पर्श आणि अन्न यांचा प्रश्न मनातून सोडवण्यास वेळ लागला: नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला, आणि मधल्या काळात सोवळे सुटताना आपल्याला काय वाटले हे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये अतिशय प्रांजळपणे लिहिले आहे. तोंडाने सलाम म्हणणे त्या मानाने सोपे होते. हात पुढे करणे कठीण होते.

म्हणूनच पहिल्या शतकातील अभिवादनाचा देहाशी असलेला संबंध मराठी मंडळ्यांत कसा उतरला हे पाहणे उद्बोधक ठरते. पवित्र चुंबन येथे कधीच रुजले नाही आणि रुजणे शक्यही नव्हते, परंतु त्याच्या जागी हात आले. केरळातील सिरियन ख्रिस्ती परंपरेत उपासनेतील शांती हातातून हातात दिली जाते. दक्षिण भारत चर्चने १९५० साली तयार केलेल्या प्रभुभोजनाच्या विधीने हीच रीत स्वीकारली: देणाऱ्याने आपला उजवा तळवा घेणाऱ्याच्या उजव्या तळव्याला लावावा आणि दोघांनीही आपला डावा हात दुसऱ्याच्या उजव्या हातावर मिटावा. पश्चिमेकडील अनेक चर्चांनी शांतीचे आदानप्रदान पुन्हा सुरू करताना या भारतीय विधीकडे पाहिले, ही गोष्ट मराठी वाचकाला फारशी ठाऊक नसते. रोमन कॅथलिक चर्चने भारतासाठी १९६९ साली जे बारा मुद्दे मंजूर केले त्यांत शांतीचे चिन्ह हात जोडून, किंवा एकाचे हात दुसऱ्याच्या हातांत ठेवून द्यावे अशी तरतूद होती. नांदेड आणि लातूर हे भाग ज्या औरंगाबाद धर्मप्रांतात येतात तो १९७७ साली स्थापन झाला, म्हणजे हा विधी तेथे पहिल्या दिवसापासून होता. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या उत्तर भारत चर्चमध्ये सामील झाल्या, अमेरिकन परंपरेच्या मेथडिस्ट मंडळ्या मात्र बाहेर राहिल्या. हात जोडणे आणि तळव्याला तळवा लावणे या दोन रीतींमधील फरक क्षुल्लक मानता येत नाही. हात जोडून दिलेली शांती सभ्य आहे आणि भारतीय आहे, पण ती अंतर राखून देता येते. तळव्याला तळवा लावून दिलेली शांती अंतर राखून देता येत नाही, आणि ज्या प्रदेशात स्पर्श हाच शतकानुशतके भांडणाचा विषय होता तेथे दुसरी रीत मूळ पवित्र चुंबनाच्या हेतूला अधिक जवळची आहे.

गेल्या काही दशकांत सलामाच्या शेजारी दुसरे शब्द आले. कॅथलिक व काही प्रोटेस्टंट घरांत ‘जय ख्रिस्त’ म्हणतात. पेंटेकॉस्टल मंडळ्यांच्या प्रसाराबरोबर ‘प्रेज द लॉर्ड’ आले, आणि ते मराठी, हिंदी, तेलुगू या तिन्ही भाषांच्या सभांत तसेच चालते. देगलूर व बिलोलीच्या पलीकडे तेलंगणात तेलुगू ख्रिस्ती लोकांचे ‘वंदनालु’ आहे. वयस्क माणसे ‘प्रेज द लॉर्ड’ला उत्तर देतानाही सलाम म्हणतात, कारण त्यांच्या लेखी सलाम म्हणजे माणसाला दिलेला मान आणि स्तुती म्हणजे देवाला दिलेला मान, आणि भेटीच्या क्षणी समोर माणूस उभा असतो. हा भेद शास्त्रदृष्ट्या कोणी मान्य करो वा न करो, पौलाने सोळाव्या अध्यायात जे केले त्याच्याशी तो जुळतो.

सर्वांत मोठा बदल मात्र मंडळीबाहेर घडला. १९३० नंतरच्या दशकात ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ होऊ लागले, ज्याच्या प्रसाराचे श्रेय कामठीचे बाबू हरदास यांना दिले जाते, आणि आंबेडकरांच्या नेतृत्वाखालील १९५६ च्या बौद्ध धर्मांतरानंतर ते मराठवाड्यातील प्रत्येक वस्तीत पोहोचले. जोहार संपवण्याचे काम सलामाने काही मंडळ्यांपुरते केले होते. जय भीमने ते संपूर्ण समाजासाठी केले, आणि हे मोठेपण ख्रिस्ती इतिहासकाराने मोकळ्या मनाने मान्य करावे असेच आहे. आज नांदेड-लातूर भागात एकाच आडनावाची, एकाच आजोबांची नातवंडे कुठे बौद्ध तर कुठे ख्रिस्ती आहेत आणि लग्नकार्यात वा मयतीला ती समोरच्याचा शब्द ओळखून आधी त्याच्याच शब्दाने भेटतात. कायद्याने मात्र या दोन शाखांना निराळे केले आहे: १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी जोडला गेला, १९९० साली तो बौद्धांना लागू झाला आणि ख्रिस्ती झालेल्यांना तो अद्याप मिळालेला नाही. त्यामुळे उपासनेच्या दारात मोकळेपणाने म्हटला जाणारा सलाम कित्येकांना शाळेच्या, तहसिलीच्या किंवा नोकरीच्या जागी आवरता घ्यावा लागतो, आणि तेथे ते नमस्कार म्हणून पुढे जातात.